जन्मभराची वाढ

मूल वाढतं, मोठा माणूस जगतो आणि म्हातारा झिजतो, अशी आयुष्याची सरळ वाटणी आपल्या मनात असते. वाढ काय ती विशी-पंचविशीपर्यंत. पुढे संसार, आणि मग उतार. मानसशास्त्रानंही बराच काळ हीच वाटणी गृहीत धरली. अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि १९२२ साली, स्वतः सत्तरी ओलांडल्यावर, वार्धक्यावर ग्रंथ लिहिला. मधली वर्षं तशीच मोकळी राहिली. ज्या काळात माणूस कमावतो, मुलं वाढवतो, आईवडिलांना सांभाळतो, चुकतो आणि सावरतो, त्या काळात त्याच्या मनाचं काय होतं हे नीट विचारायला विसावं शतक अर्ध्यावर यावं लागलं.

गर्भावस्थेपासून अखेरपर्यंत माणूस कसा बदलत जातो, हा पुढच्या प्रकरणांचा विषय आहे. तो वाचताना एक गोष्ट मनाशी पक्की असावी असं मला वाटतं. वय एकटं काहीच घडवत नाही. त्या वयात समोर कोणतं काम येतं, हाताशी कोण असतं आणि बाहेर कोणता काळ चालू असतो, यावर ते वय माणसाला काय देणार हे ठरतं. पाठ्यपुस्तकांत वयाचे टप्पे तक्त्यात मांडलेले असतात. परीक्षेला ते सोयीचं आहे. पण तो तक्ता व्हिएन्ना, जिनिव्हा आणि कॅलिफोर्निया इथल्या मोजक्या घरांतून आणि दवाखान्यांतून आला. ज्याँ पियाजे यांनी तान्ह्या मुलांच्या बुद्धीविषयी जे लिहिलं, त्याचा मोठा भाग स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणातून आलेला आहे. निरीक्षण अप्रतिम होतं, यात शंका नाही. तरी आपल्या गावात ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे तपासायचं काम आपलंच आहे.

मी ते एडवणला तपासून पाहतो. सफाळे स्टेशनवर उतरून किनाऱ्याकडे गेलं की हे गाव लागतं. आशापुरी देवीचं देऊळ, समुद्रालगत मच्छीमारांची वस्ती, आतल्या बाजूला वाड्या. घरातली एक पिढी बोटीवर किंवा वाडीत, दुसरी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत, तिसरी पहाटेची लोकल पकडून विरार-मुंबईकडे. एकाच ओट्यावर बसलेल्या आजी, आई आणि नात यांची बालपणं एकमेकींना ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी असू शकतात. आयुष्यभराच्या विकासाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा कोणती?

किनाऱ्यावर जवळ्याची रास पडली की बायका तिच्याभोवती बसतात. जवळ्यातून बारीक मासळी, चिमुकल्या चिंबोऱ्या आणि कचरा वेचून वेगळा करायचा असतो. चार-पाच वर्षांचं मूल तिथेच आईच्या मांडीला टेकून बसलेलं असतं. सुरुवातीला ते राशीत नुसता हात घालतं. मग चिंबोरी उचलतं, कारण ती मोठी आणि वेगळ्या रंगाची असते. काही दिवसांनी त्याची नजर बसते आणि ते बारीक काडीही टिपतं. चुकीच्या ढिगात काही टाकलं तर आजी न बोलता ते उचलून योग्य ढिगात ठेवते, आणि मूल बघून घेतं. कुणी शिकवत नाही, कुणी शाबासकी देत नाही, तरी शिकणं चालू असतं. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया वस्तीत वर्षानुवर्षं असंच शिकणं पाहिलं आणि ते शाळेतल्या शिकण्याइतकंच काटेकोर असतं हे दाखवून दिलं. त्याच्याही आधी लेव व्हायगॉट्स्की यांनी म्हटलं होतं की मूल एकटं काय करतं एवढंच मोजू नका. जाणत्याच्या सोबतीनं ते काय करू शकतं तेही मोजा, कारण उद्याची वाढ तिथे दिसते. आजीचा तो न बोलता पुढे येणारा हात म्हणजे व्हायगॉट्स्कींचा सिद्धांतच आहे.

बाजारात मासळीचे वाटे लावणाऱ्या बाईजवळ बसलेली दहा-बारा वर्षांची मुलगी घ्या. दोनशेचा वाटा, दीडशेला मागितला, तीन वाटे घेतले तर काय, पाचशेच्या नोटेतून परत किती. ती हे सगळं बोलता बोलता करते. तीच मुलगी वहीत तोच हिशेब मांडताना अडखळू शकते. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. विक्रीच्या बोलण्यात विचारलेली गणितं या मुलांनी जवळजवळ सगळी बरोबर सोडवली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा निम्मीही जमली नाहीत. मूल ‘मागे’ आहे असा शेरा मारण्याआधी आपण त्याला कुठे बसवून विचारलं, हे आधी पाहावं. विकासाच्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच, आणि आपल्या शाळांत सर्वांत कमी पोचलेलाही हाच.

हे आपल्या भागात कुणाला उमगलंच नव्हतं असं मात्र नाही. उलट, ते आजच्या आपल्या पालघर जिल्ह्यातच फार आधी कृतीत उतरलं होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, मुंबईत दादरला शिशुविहार उभारून, १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांची साधनं महाग होती आणि पाड्यावरच्या मुलाला परकीही. मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हीच साधनं झाली. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरबरीत, सारं त्यातूनच शिकवता येत होतं. बोधेंद्रियांच्या शिक्षणाचं माँटेसोरींचं तत्त्व तेच राहिलं, वस्तू बदलल्या.

मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथे रुजली. मुलं गुरं-शेळ्या चारायला जात, म्हणून शिक्षिका कुरणावर गेल्या आणि कुरणशाळा भरली. मला स्वतःला सर्वांत मोठी वाटते ती विकासवाडी. मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर बहुतेकदा तिच्या कडेवर असायचं: धाकटं भावंड. आई कामावर, बाळ हिच्या गळ्यात. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. एका मुलाचा विकास दुसऱ्याच्या विकासात अडकलेला असतो, हे पुढे समाजशास्त्रज्ञांनी सिद्धांत म्हणून मांडलं. कोसबाडला त्यावर इमारत आणि वेळापत्रक तयार होतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. आज एडवणपासून अरुणाचलपर्यंत तो बोलला जातो.

आता जरा या दोन बायकांच्या वयाकडेही पाहावं. ताराबाईंचा जन्म १८९२चा. बोर्डीला आल्या तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या आणि कोसबाडला गेल्या तेव्हा ६५ वर्षांच्या. म्हणजे नोकरदार माणूस निवृत्तीचा सत्कार घेऊन घरी बसतो त्या वयात. अनुताई १९१०च्या. कोवळ्या वयात लग्न, लगेच वैधव्य. त्या काळच्या हिशेबानं त्यांचं आयुष्य तिथेच संपलं होतं. त्या पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला आल्या आणि १९९२ साली जाईपर्यंत काम करत राहिल्या. तारुण्यात जोडीदार, मग मुलंबाळं, मग पुढच्या पिढीची चिंता अशी पायऱ्यांची रांग मानसशास्त्र लावतं. अनुताईंच्या आयुष्यात मधल्या पायऱ्या समाजानं काढूनच घेतल्या होत्या. तरीही शेवटची पायरी त्यांनी अशी चढली की हजारो मुलं त्यांची झाली.

ही पायऱ्यांची रांग लावणारे एरिक एरिक्सन. त्यांनी १९५० साली जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ अवस्था मांडल्या आणि प्रत्येकीत एक पेच ठेवला: तान्हेपणी जगावर विश्वास बसतो की नाही, किशोरवयात ‘मी कोण’ हे सापडतं की नाही, आणि पुढे असंच. मराठी वाचकाला आश्रमव्यवस्था आठवेल, आणि सुधीर कक्कर यांनी ही तुलना गंभीरपणे केलेलीही आहे. पण एरिक्सन यांच्या सातव्या अवस्थेकडे, चाळिशीनंतरच्या काळाकडे, मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी काही उभं करण्याची ओढ या वयात जागी होते, आणि ती मारली गेली तर माणूस आतून साचून राहतो, असं ते म्हणतात. याचं सर्वांत मोठं उदाहरण त्यांना भारतात सापडलं. १९६२ साली मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी ते अहमदाबादला होते. तिथे १९१८च्या गिरणी कामगारांच्या संपाची हकिगत त्यांच्या मनात बसली आणि १९६९ साली गांधीजींवरचं त्यांचं पुस्तक आलं. संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते. सफाळ्यावरून धडधडत जाणाऱ्या याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मध्यमवयाविषयीचा इतका मोठा विचार आकाराला आला.

सुरुवातीच्या, अगदी जन्माआधीच्या काळाविषयीचं सर्वांत मोलाचं काम मात्र आपल्या महाराष्ट्रातलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या आहाराची नोंद गरोदरपणाच्याही आधीपासून सुरू केली. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. पण वजनाच्या मानानं या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबी जास्त होती. पोटात असताना जे मिळालं नाही त्याची खूण मोठेपणी मधुमेहाच्या रूपानं दिसू शकते, हा विचार त्यातून पक्का होत गेला. चाळिशीतल्या माणसाचा आजार समजून घ्यायला त्याच्या आईच्या ताटापर्यंत मागे जावं लागतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणानं मुलं गेली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. जी मुलं जगली त्यांच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा विचार करायला हे शास्त्र आपल्याला भाग पाडतं.

पण आहारावरच सगळं संपतं असंही नाही. जमैकात किंग्स्टनला १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ तान्ह्या-रांगत्या मुलांना घेऊन एक प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे दाखवत असे, खेळणी घरगुती. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळ मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा परिणाम इतका टिकला नव्हता. अंगणवाडीत खिचडी शिजते तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं हे वाचावं. शिंपले-खड्यांचा खेळ ही वरची हौस नव्हती, हे कोसबाडच्या त्या दोघींना आधीच ठाऊक होतं.

आता अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडं, कारण इथे भलेभले फसले आहेत. वयानुसार बुद्धी उतरते का? सोपा उपाय म्हणजे आज विशीतल्या, चाळिशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांना एकच चाचणी द्यायची. गुण भराभर घसरताना दिसतात आणि निष्कर्ष निघतो की तिशीनंतर उतार. पण एडवणच्या त्या ओट्यावर हीच चाचणी देऊन पाहा. आजी शाळेत दोन-तीन वर्षं गेली असेल किंवा गेलीही नसेल. नात पालघरच्या कॉलेजात जाते, मोबाइलवर दिवसभर वाचते-लिहिते. दोघींच्या गुणांतला फरक वयाचा म्हणायचा की शाळेचा? वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटलमध्ये अभ्यास सुरू केला तो हाच घोळ सोडवायला. त्यांनी तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली. दिसलं असं की बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतात, शब्दसंपत्तीसारख्या काही तर बराच काळ वाढत राहतात, आणि माणसामाणसांतला फरक प्रचंड असतो. आधीच्या अभ्यासांत जो उतार दिसला होता, त्याचा मोठा वाटा पिढ्यांमधल्या फरकाचा होता. कुणीही ‘या वयात असंच होतं’ असं ठामपणे सांगितलं, तर आधी त्याला विचारावं, ‘कुठल्या सालात जन्मलेल्यांचं बोलताय?’

याच धाग्याचं पुढचं टोक ग्लेन एल्डर यांच्या हाती लागलं. १९७४ साली त्यांनी अमेरिकेतल्या महामंदीत वाढलेल्या मुलांची हकिगत मांडली. ऑकलंडची मुलं मंदी आली तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती; घरातली कामं करण्याइतकी मोठी, त्यामुळे त्यातली बरीच जबाबदार होऊन निघाली. पुढे त्यांनी पाहिलेली बर्कलीची मुलं तेव्हा तान्ही होती. वडिलांची नोकरी आणि घरातली शांतता दोन्ही गेली आणि त्याचा घाव, विशेषतः मुलग्यांना, खोल बसला. मंदी एकच होती, पण ती कोणत्या वयात गाठते यावर पुढचं आयुष्य ठरलं.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला फार जवळचा आहे. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली. तेव्हा जो आठ वर्षांचा होता त्याला कारखान्याची नोकरी हा पुढचा रस्ता दिसला. जो पंचेचाळीस वर्षांचा होता त्याच्या हातातलं कसब एकाएकी जुनं झालं. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली, आणि त्या वर्षी दहावीत असलेल्या मुलीला कॉलेजचं दार जितकं उघडं झालं तितकं तिच्या पाच वर्षांनी मोठ्या बहिणीला नव्हतं. ऑगस्ट २०२४मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच्या बाजूनं आणि विरोधात बोललं जाताना नोकऱ्यांचे, मासळीचे, पैशांचे आकडे येतात. माझं मागणं असं की माणसांची वयंही त्या हिशेबात धरावीत. पन्नाशीतल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ‘नवं कौशल्य शिका’ सांगणं आणि विशीतल्या खलाशाला ते सांगणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तांडेलाकडून नुसता रोजगार जात नाही. उधाण आणि भांग यांचं तिथीवरचं गणित, पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, कुठल्या महिन्यात जाळं कुठे टाकायचं, हे तीस वर्षांत साठलेलं आणि ज्यामुळे गाव त्याला मान देतं ते सगळं जातं. एरिक्सन यांच्या भाषेत सांगायचं तर पुढच्या पिढीला द्यायची त्याची ठेवच निकामी ठरते.

वार्धक्याकडे येताना पॉल बाल्टस यांचं नाव घ्यावंच लागतं. आयुष्यात कुठलंही वय नुसत्या कमाईचं किंवा नुसत्या तोट्याचं नसतं, दोन्ही कायम सोबत चालतात, असं त्यांनी मांडलं. तान्हं बाळ आपल्या भाषेतले ध्वनी पक्के करतं तेव्हा परक्या भाषांतले बारीक फरक ऐकायची ताकद गमावतं. म्हणजे तोटा पहिल्या वर्षातच सुरू होतो. आणि कमाई शेवटपर्यंत चालते. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण बाल्टस देत. उतारवयात ते थोड्याच रचना निवडत, त्यांचा सराव वाढवत, आणि जलद भागाआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा जलद वाटावा. बोट सोडलेला म्हातारा तांडेल किनाऱ्यावर हेच करतो. समुद्रावर जाणं सोडलं, पण जाळं विणणं-दुरुस्त करणं हातात ठेवलं; नजर अधू झाली तर बोटांनी गाठ चाचपून घेतो; कष्टाचं ओढकाम नातवाकडे आणि निघायचं कधी हे ठरवणं स्वतःकडे. त्याला घरच्यांनी ‘आता बसा निवांत’ म्हणून खाटेवर बसवलं, तर जे टिकलं असतं तेही जातं. काळजीपोटीच आपण हे करतो, आणि पुष्कळ घरांत करतो.

पुढची प्रकरणं वयाच्या क्रमानं आहेत, पण ती त्याच क्रमानं वाचली पाहिजेत असं नाही. अंगणवाडी सेविकेनं वार्धक्याचं प्रकरण जरूर वाचावं, कारण तिच्याकडे येणाऱ्या मुलाला बहुतेकदा आजीच आणून सोडते. घरात म्हातारं माणूस असलेल्यानं तान्ह्या बाळाचं प्रकरण वाचावं. आणि शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. अंगणवाडीत मुलाच्या वजनाची नोंद असते, शाळेत जनरल रजिस्टर असतं, आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद असते. एकाच मुलाच्या या तीन नोंदी कुणी एकत्र ठेवत नाही. घरच्यांची परवानगी घेऊन, नावं झाकून, एडवण, कोरे, दातिवरे अशा चार गावांतली यंदा अंगणवाडीत आलेली मुलं निवडावीत आणि दर पाच वर्षांनी त्यांना भेटावं: काय शिकलं, कुठे गेलं, घरात कोण आजारी पडलं, कोणती बोट विकली, कोणती नोकरी लागली. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतलं काम घरोघर जाऊन चिकाटीनं नोंदी ठेवण्यावरच उभं राहिलं आहे. एखाद्या शाळेनं किंवा पालघरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागानं हे मनावर घेतलं, तर पहिली भेट येत्या जूनमध्ये, मासेमारी बंद असताना घरातली सगळी माणसं गावात असतात तेव्हा, घेता येईल.